जुनी महिंद्रा जीप: पुढचे पाटे, नकल आणि ब्रेक एकाच खेपेत कसे करावेत

जीप ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढायला लागली की गॅरेजमध्ये आधी शू बदलले जातात. दोन महिन्यांत ओढ परत येते. मग व्हील सिलेंडर बदलतात, ड्रमला लेथ मारतात, तरी फरक पडत नाही. कारण दोष बऱ्याचदा ब्रेकमध्ये नसतोच. डिफरन्शियलचं ऑइल ॲक्सल ट्यूबमधलं सील ओलांडून नकलमध्ये (चाकासह डावी-उजवीकडे वळणारा ॲक्सलच्या टोकाचा सांधा) येतं, तिथलं ग्रीस पातळ करतं, स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा) बुशमधून हबमध्ये उतरतं आणि हबचं सील घासलेलं असलं की थेट लायनरवर (शूवरचा ड्रमला घासणारा थर). हबचं सील घासतं ते बेअरिंग ढिलं असल्यामुळे. म्हणजे ब्रेकचं दुखणं सस्पेन्शन आणि नकलच्या बाजूने येतं. म्हणूनच या गाडीत दोन्ही कामं वेगवेगळी काढू नयेत. एकदा हब उतरवलाच आहे तर पाट्यापासून (पानांची स्प्रिंग) होसपर्यंत (ब्रेकची रबरी नळी) सगळं करून घ्यावं.

इथली मापं सीजे-३बी आणि त्या घराण्यातल्या जीपची आहेत. उंच बॉनेटची ही गाडी अमेरिकेच्या विलीस कंपनीने १९५३ मध्ये आणली आणि परवान्यावर महिंद्राने ती आपल्याकडे बनवली. पुढे पानांचे पाटे, बंद नकलचा डाना २५ ॲक्सल आणि नऊ इंची ड्रम. पण आपल्याकडच्या जीपला तीस-चाळीस वर्षांत तीन-चार हात लागलेले असतात. कुणी मोठे ड्रम टाकलेले, कुणी दुसऱ्या मॉडेलचा अख्खा ॲक्सल चढवलेला. तेव्हा सामान आणण्याआधी स्वतःच्या गाडीचं माप घ्या. दुकानात ‘जीपचा पुढचा सेट द्या’ म्हटलं की जो मिळतो तो आपला असेलच असं नाही.

खोलण्याआधी काय तपासायचं

गाडी खोलली की ढिलाई कुठून येत होती ते कळायचा मार्ग बंद होतो. म्हणून पुढचं चाक जॅकवर उचलून, घोडी (आधाराचा स्टँड) लावून, आधी हे करा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब आणि स्पिंडल एकमेकांना धरून ठेवले. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिनची (नकल ज्यावर वळतो ती उभी पिन) बेअरिंगं गेली आहेत. मग चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. इथला खेळ बहुतेक टाय रॉडच्या (चाकं वळवणारा दांडा) एंडचा किंवा मधल्या बेलक्रँकचा (स्टिअरिंगची ओढ दोन्ही टाय रॉडना देणारा फिरता तुकडा) असतो. बेलक्रँकवर बोट ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा. पिन आधी हलते आणि क्रँक मागून येतो, हे बोटाला कळतं.

नंतर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधोमध अडकल्यासारखं होत असेल आणि बाजूला मोकळं, तर किंगपिनच्या बेअरिंगच्या वाटीवर (रोलर ज्यावर फिरतात ती बाहेरची कडी) खड्डे पडलेत. गाडी आयुष्यभर बहुतांश सरळ चालते, त्यामुळे रोलर त्याच जागी ठोके देत राहतात. वाटी बाहेर काढली की त्यात रोलरच्या लांबीच्या, एकसारख्या अंतरावरच्या चकचकीत रेघा दिसतात. नख फिरवलं तर अडकतं. अशी वाटी कितीही ग्रीस भरून सुधारत नाही.

पन्नास-साठच्या वेगात खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं थरथरून स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं, हा जीपवाल्यांच्या ओळखीचा प्रकार. त्यावर स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो चुकीचा. बॉक्स घट्ट केल्याने थरथर थोडे दिवस दबते आणि बॉक्समधला कॅम मधल्या जागी झिजतो. बॉक्सला हात सगळ्यात शेवटी.

सामान

दोन्ही बाजू मिळून: किंगपिनची बेअरिंगं चार (टिमकेनचा नंबर कोन ११५९०, वाटी ११५२०), व्हील बेअरिंगं चार (कोन १८५९०, वाटी १८५२०), हबची सीलं दोन, नकलच्या बॉलवरचे सील-सेट दोन, ॲक्सल ट्यूबमधली सीलं दोन, स्पिंडल बुश दोन, स्पिंडल नटची लॉक वायसरं, किंगपिन कॅपच्या शिमांचा (मापाच्या पातळ चकत्या) संच, टाय रॉड एंड चार, ड्रॅग लिंकचं किट, बेलक्रँकचं किट, पाट्याचे सेंटर बोल्ट दोन, यू बोल्ट चार आणि त्यांचे आठ नट, शॅकल (पाट्याचं टोक चासीला झुलतं जोडणारा दुवा) आणि बुश. ब्रेकसाठी: पुढचे शू चार, व्हील सिलेंडर दोन किंवा निदान त्यांचे रबर कप, पुढचे होस दोन, शूच्या स्प्रिंगा, मास्टर सिलेंडरचं किट आणि डॉट ३ ब्रेक फ्लुइड एक लिटर. ग्रीस एक किलो घ्या, उरलं तरी चालेल.

बेअरिंग नंबर बघून आणि खात्रीच्या दुकानातूनच घ्या. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या भागात जुन्या गाड्यांचं सामान ठेवणारी दुकानं आहेत. बुश वळवणं, ड्रम टर्न करणं यासाठी लेथवाला असा शोधा जो मायक्रोमीटर वापरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे लोक सहज भेटतात.

हत्यारांमध्ये तीन गोष्टी नेहमीच्या पेटीत नसतात. स्पिंडल नटसाठी दोन पूर्णांक एक सोळांश इंची पाइप पाना. तो नसला तर लोक छिन्नीने नट फिरवतात आणि नटाचे कोपरे झिजवतात. आधीच्या कारागिराने तेच केलेलं असणार, तेव्हा नटही नवे घ्यायची तयारी ठेवा. दुसरं, पाच किलोपर्यंतचा ताणकाटा, भाजीवाल्याकडे असायचा तसा हुकाचा. तिसरं, फिलर गेज. टॉर्क पाना तर हवाच.

उतरवणं

चाकाचे नट सैल करण्याआधी डाव्या बाजूच्या स्टडचं टोक पुसून बघा. विलीस नमुन्याच्या जुन्या गाड्यांना डावीकडे उलटे आटे असतात आणि टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. पाइप लावून चुकीच्या दिशेला जोर दिला की स्टड तुटलाच.

पाट्याचंही काम करायचं असल्यामुळे घोड्या ॲक्सलखाली नको, चासीखाली, पुढच्या पाट्याच्या मागच्या हँगरच्या मागे लावा. ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोलून धरा. मागच्या चाकांना ओटं (अडसर) लावा.

ड्रम काढताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि आत कोणतं आहे ते बघून कळत नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. शू आधीच घट्ट लावलेले असतील आणि ड्रमला आत कडा पडली असेल तर ड्रम निघत नाही. मागच्या प्लेटवरचे दोन्ही एक्सेन्ट्रिक (फिरवले की शू आत-बाहेर सरकवणारे बोल्ट) मोकळे फिरवले की शू आत जातात.

पुढचा क्रम असा. हबची टोपी काढा. ड्राइव्ह फ्लँजचे सहा बोल्ट आणि शाफ्टच्या टोकाचा नट किंवा स्नॅप रिंग काढून फ्लँज पुलरने ओढा. फ्लँजच्या मागे शिम असतील तर त्या बाजूसह गुंडाळून ठेवा, शाफ्टचा आत-बाहेर खेळ त्यांच्यावर ठरलेला असतो. बाहेरचा स्पिंडल नट, लॉक वायसर, आतला नट आणि मग हब-ड्रम बाहेर. ब्रेकचा होस पाइपपासून सोडा आणि पाइपच्या तोंडाला लगेच रबरी टोपी घाला. सहा बोल्ट काढले की बॅक प्लेट आणि स्पिंडल सुटतात. ॲक्सल शाफ्ट सरळ, आधार देत बाहेर ओढा. सांधा बेंडिक्स प्रकारचा असेल तर तो जास्त वाकवू नका, गोळ्या निसटतात आणि परत बसवणं हा अर्ध्या दिवसाचा ताप आहे.

नकलच्या आत काय आहे ते याच क्षणी बघा. घट्ट, काळसर ग्रीस असेल तर ट्यूबमधलं सील ठीक आहे. पातळ, गिअर ऑइलचा उग्र वास येणारा रस्सा असेल तर ते सील गेलेलं आहे आणि ते न बदलता पुढचं सगळं काम वाया जाणार. पाणी मिसळून दुधाळ झालं असेल तर बॉलवरचं सील आत पाणी घेतंय. पावसाळ्यात ओढ्यातून जाणाऱ्या गाड्यांमध्ये हे हमखास.

सीलच्या अर्धगोल पट्ट्यांचे आठ बोल्ट काढा, टाय रॉड सोडा, मग वरची आणि खालची कॅप. दोन्ही कॅपखालच्या शिमा वेगवेगळ्या तारेत ओवून ‘डावी वरची’, ‘डावी खालची’ अशी चिठ्ठी बांधा.

नकल आणि किंगपिन

ॲक्सलच्या टोकाचा बॉल हा या सगळ्या बांधणीत सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील काही आठवड्यांत फाटतं. तारेच्या ब्रशने साफ करा, खड्डे धातू-भरणीच्या इपॉक्सीने भरा, सुकल्यावर बारीक पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून नखाला काही लागणार नाही इतकं गुळगुळीत करा. रंग मारू नका. तो पापुद्र्याने सुटतो आणि सीलखाली जातो. बॉलला ग्रीसचा पातळ हात पुरे.

जुन्या वाट्या आतून पितळी किंवा मऊ लोखंडी ड्रिफ्टने आळीपाळीने चारी बाजूंनी ठोकून काढा. नव्या बसवताना जुनी वाटी उलटी ठेवून तिच्यावर ठोका. वाटी तळाला बसली की हातोडीचा आवाज बदलतो, बद्द लागतो. ट्यूबमधलं सील बसवताना ओठ डिफरन्शियलकडे, आणि शाफ्ट आत घालताना त्याचे स्प्लाइन सीलच्या ओठावरून घासू देऊ नका. नवं सील पहिल्याच दिवशी गळतं ते बहुतेक यामुळेच. शाफ्टची सील बसते ती जागा बोटाने तपासा; खाच पडली असेल तर नवं सीलही रडणार.

बॉलवरचं सील अखंड रिंगचं असेल तर नकल टांगण्याआधीच बॉलच्या मागे सरकवून ठेवा. चिरलेलं असेल तर नंतर बसतं. आता ग्रीस भरलेली बेअरिंगं ठेवून नकल टांगा, खालची कॅप आणि मग वरची कॅप लावा. शिमांची जाडी वर आणि खाली शक्यतो सारखी ठेवा, नाहीतर नकल शाफ्टच्या मध्यरेषेवरून खाली-वर सरकतो आणि सांध्यावर ताण येतो. कॅपचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळत जा आणि प्रत्येक वेळी नकल हाताने फिरवून बघा. जाम होऊ लागला की थांबा, शिम वाढवा.

आता ताणकाटा. नकलच्या आर्मला टाय रॉडचं जे भोक आहे त्यात हुक अडकवा आणि आर्मला काटकोनात ओढा. बॉलचं सील अजून बांधलेलं नाही, टाय रॉड सुटलेला आहे, ही अट महत्त्वाची. नकल एकसारखा फिरत असताना काटा ४ ते ६ पाउंड, म्हणजे साधारण १.८ ते २.७ किलो दाखवायला हवा. फिरायला सुरुवात होताना काटा थोडा जास्त जातो, तो वाचायचा नाही. कमी ताण आला तर शिम काढायची, जास्त आला तर घालायची. शिमा साधारण तीन, पाच, दहा आणि तीस हजारांश इंच जाडीच्या मिळतात. काढ-घाल दोन्ही कॅपखाली विभागून करा. हे काम कंटाळवाणं आहे, पाच-सहा वेळा कॅप काढावी लागते. पण चाकांची थरथर जाणं न जाणं या एका आकड्यावर सगळ्यात जास्त ठरतं. ‘हाताला घट्ट वाटतंय’ यावर सोडू नका.

ताण बरोबर आला की सील आणि पट्ट्या बांधा, शाफ्ट घाला, स्पिंडलचं नवं बुश तपासा. शाफ्ट बुशमध्ये हाताने फिरायला हवा, वर-खाली हलता कामा नये. नकलमध्ये अर्धपातळ ग्रीस मागच्या प्लगच्या भोकापर्यंत भरा. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस इथे भरलं तर ते एकदा बाजूला फेकलं गेलं की सांध्यापर्यंत परत येत नाही.

पाटे आणि शॅकल

पाटा सोडल्यावर सेंटर बोल्ट काढण्याआधी मधोमधच्या दोन्ही बाजूंना दोन सी-क्लॅम्प घट्ट लावा. बोल्ट निघाला की पानं उसळतात, हात तिथे नको. पानं सुटी करून तारेच्या ब्रशने साफ करा. प्रत्येक पानाच्या टोकाखाली वरच्या पानावर खाच पडलेली असते. ती उथळ असेल तर ग्राइंडरने कड मोडा. खोल असेल किंवा आडवी तडा दिसत असेल तर पान बदला, कारण पाटा तिथेच तुटतो.

डावा-उजवा पाटा शेजारी शेजारी उलटे ठेवून कमानीची उंची मोजा. फरक सहा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर पाटेवाल्याकडून कमान काढून घ्या. पण ती थंड, ठोकून किंवा दाबून काढलेली हवी. गॅसने लाल करून वाकवलेल्या पानाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि गाडी महिनाभरात पुन्हा बसते. उचल मिळावी म्हणून जाड पानं वाढवणं हाही आपल्याकडचा आवडता उद्योग. पाटा जितका कडक तितका धक्का किंगपिनवर जातो, आणि ॲक्सलचा झुकाव बदलून सरळ चालण्याची सवय बिघडते. माल वाहायचा नसेल तर मूळ पानांची संख्या ठेवा. पानांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या.

या गाडीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, मागचं टोक पिव्हट बोल्टवर. मूळ शॅकल इंग्रजी यू आकाराचं, दोन्ही पायांना आटे आणि त्यावर आट्यांचेच बुश. काही शॅकलचा एक पाय उलट्या आट्यांचा असतो. त्या बुशच्या डोक्याला गोल खाच असते. सरळ आट्यांचा बुश त्यात जबरदस्तीने घातला तर दोन्ही गेले. बुश पूर्ण आवळल्यावरही शॅकल हाताने झुलायला हवं. बुशचं डोकं आणि शॅकलच्या खांद्यामध्ये साधारण एक बत्तीसांश इंच फट राहू द्या. इथे ग्रीसची आठवण ठेवली नाही तर हे आटे खडीसारखे घासले जातात.

तुमच्या गाडीवर रबरी बुशची शॅकलं असतील तर एक नियम वेगळा: त्यांचे नट गाडी जमिनीवर उतरवून, पूर्ण वजन पाट्यावर आल्यावरच आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू बोल्ट ५० ते ५५ फूट-पाउंडला, आडवे-तिरपे आवळा. जुने यू बोल्ट परत वापरू नका. ते एकदा ताणलेले असतात. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलंय ना हे बोटाने बघा, नाहीतर ॲक्सल मागे-पुढे सरकून गाडी तिरकी पळते. शॉक ॲब्सॉर्बर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा-दाबा. मधेच पोकळ लागला तर बदला.

ब्रेक

ड्रमचा आतला व्यास दोन ठिकाणी, काटकोनात मोजा. नऊ इंची ड्रम ९.०६० इंचांपुढे गेला की भंगारात. दोन्ही बाजूंचे ड्रम जवळपास सारख्या मापाचे ठेवा. ड्रम टर्न केला की त्याची गोलाई मोठी होते आणि नवं लायनर फक्त मध्यभागी टेकतं. ड्रमला आतून खडू लावा, शू हाताने फिरवा, कुठे खडू लागतो बघा. फक्त मध्यात लागत असेल तर शू-लायनिंगवाल्याकडून त्या ड्रमच्या मापाला घासून घ्या. हे टाळलं तर पहिले काही शे किलोमीटर पेडल कडक आणि ब्रेक मात्र बेताचा, अशी अवस्था होते आणि लोक दोष सिलेंडरला देतात.

शू बसवताना लांब लायनरचा पुढे, आखूड लायनरचा मागे. प्रत्येक शूला खाली स्वतःची अँकर पिन आहे. गाडी पुढे जाताना ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, काम त्याचं जास्त, म्हणून लायनरही त्याचं मोठं. उलटे बसले तर ब्रेक लागतो, पण जोर लावावा लागतो.

पुढच्या आणि मागच्या व्हील सिलेंडरचा बोअर वेगळा असतो, पुढचा मोठा. दिसायला सारखे म्हणून अदलाबदल केली तर मागची चाकं आधी लॉक होतात. जुन्या अंगावरचा आकडा वाचून घ्या. बोअरमध्ये खड्डे असतील तर होन करत बसू नका, बदला. आणि एक गोष्ट ठामपणे: ब्रेकचा कुठलाही भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. रबरी कप फुगतात, सिलेंडर परत येत नाही आणि ब्रेक अडकून ड्रम तापतो. स्वच्छ ब्रेक फ्लुइड किंवा स्पिरिट वापरा. रबर बसवताना रबर ग्रीस किंवा ब्रेक फ्लुइड लावा, साधं ग्रीस नाही.

होस बाहेरून बरा दिसतो म्हणून ठेवू नका. आतून फुगलेला होस एकेरी झडपेसारखा वागतो: दाब जातो, परत येत नाही, आणि पेडल सोडल्यावरही एक चाक धरून राहतं. नवा होस लावताना आधी सिलेंडरकडचं टोक तांब्याच्या नव्या वायसरसह घट्ट करा, मग दुसरं. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून तो पिळत किंवा टायरला लागत नाही ना बघा. गंजलेला पाइप बदलताना साधी तांब्याची नळी टाकू नका. ती कंपनाने कडक होऊन चिरते. स्टीलची, दुहेरी फ्लेअर केलेली नळी घ्या.

मास्टर सिलेंडर पायाखाली, चासीला. पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळा खेळ हवाच. तो नसला तर पिस्टन मागे पूर्ण येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. मग फ्लुइड तापून फुगलं की त्याला परतायला वाट नसते, आणि घाटात चढतानाच ब्रेक आपोआप लागत जातात. ‘चालता चालता गाडी जड होते, उभी केली की थोड्या वेळाने ठीक’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा हाच खेळ असतो. सिंगल सर्किट आहे, एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून इथे काटकसर नको.

हब, सेटिंग, हवा

व्हील बेअरिंगमध्ये ग्रीस हाताच्या तळव्यावर घेऊन रोलरमधून वर येईपर्यंत दाबून भरा. हबमध्ये थोडं, गच्च भरलेलं ग्रीस तापलं की सीलमधून ड्रममध्येच जातं. हब चढवा, चाक फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळा, मग एक षष्ठांश फेरा मागे. लॉक वायसर, बाहेरचा नट, वायसरची कड नटाच्या सपाट बाजूवर नीट वाकवा. बाहेरचा नट आवळल्यावर खेळ पुन्हा तपासा, त्याने थोडा बदलतो.

शू सेट करताना अँकर पिनवर पंचची खूण असेल तर सुरुवातीला दोन्ही खुणा एकमेकींकडे ठेवा. ड्रमच्या खिडकीतून फिलर घालून लायनरच्या खालच्या टोकाला पाच हजारांश इंच आणि वरच्या टोकाला आठ हजारांश इंच फट ठेवा. खालची फट अँकर पिनने, वरची एक्सेन्ट्रिकने. एकदा अँकर बसला की पुढच्या वेळी फक्त वरचा एक्सेन्ट्रिक पुरतो.

हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवा. पेडल सावकाश दाबायचं, निप्पल बंद झाल्यावरच सोडायचं. जोरात पंप केल्याने हवेचे बारीक फेस होतात आणि ते निघता निघत नाहीत. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. बाटलीत जमलेलं फ्लुइड परत टाकीत ओतू नका.

बेलक्रँक मधोमध, सरळ ठेवून आधी एका बाजूचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत दोरी लावून सरळ करा, मग दुसऱ्या टाय रॉडने टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत) द्या: तीन चौसष्टांश ते तीन बत्तीसांश इंच, म्हणजे सव्वा ते अडीच मिलिमीटरच्या आत. माप टायरवर खडूची बारीक रेघ मारून, हबच्या उंचीवर घ्या. मागे मोजल्यावर गाडी ढकलून तीच रेघ पुढे आणा आणि पुन्हा मोजा. कॅम्बर (चाकाचा वरून बाहेरचा कल) दीड अंश, कॅस्टर (किंगपिनचा मागचा कल) तीन अंश. कॅम्बर सेट होत नाही. तो चुकत असेल तर ॲक्सल वाकलेला आहे. नकलवरचे फिरण्याचे स्टॉप स्क्रू काढून गाडी जास्त वळवायचा मोह टाळा, आतला सांधा तुटतो.

आता, आणि आताच, गरज वाटली तर स्टिअरिंग बॉक्स.

मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगातून आठ-दहा वेळा हलके ब्रेक मारा, मधे ड्रम थंड होऊ द्या. मग हब हाताने तपासा: एक तापलेला आणि दुसरा गार असेल तर तापलेल्या बाजूचा शू घासतोय. दोनशे किलोमीटरनंतर यू बोल्ट, चाकाचे नट आणि कॅपचे बोल्ट पुन्हा आवळा, व्हील बेअरिंगचा खेळ बघा, बॉलच्या मागे ग्रीसची रेघ दिसतेय का ते पुसून पाहा. शॅकलला आणि टाय रॉडच्या निप्पलना दर हजार किलोमीटरला ग्रीस, पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच संध्याकाळी. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, कोकणात तर जरा जास्तच, म्हणून ते दोन वर्षांनी पूर्ण बदला.